थंडी सरताना बर्फातून केलेले ट्रेक: तुमचे अनुभव लिहा

खाली गवत उगवायला लागलंय, वर अजून गुडघाभर बर्फ, अशा दिवसांत जे डोंगरात गेलेत त्यांनी प्लीज लिहा. सामानाच्या याद्या नकोत, प्रत्यक्ष काय झालं ते सांगा. सुरुवात मीच करते. पहाटे निघालो तेव्हा बर्फ फरशीसारखा कडक, मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे टोकदार दात) लावून भराभर चढलो, आणि अकरानंतर त्याच उतारावर दर पावलाला पाय मांडीपर्यंत आत, त्यात खाली दगड लागला की गुडघा पिरगळायची भीती. आता परत फिरायची वेळ मी आदल्या रात्रीच ठरवते, शिखर अगदी समोर दिसत असलं तरी.

---

वेळेइतकंच आदल्या रात्रीचं आकाश बघा. निरभ्र रात्री बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि थर घट्ट गोठतो, ढग असले की ती अडकून राहते. आमच्या वेळी रात्रभर ढग होते, पहाटे तंबूबाहेर पाय टेकवला तर बूट घोट्यापर्यंत आत. लीडर म्हणाला आज जायचं नाही. दोघंतिघं जाम नाराज, एवढ्या लांबून आलोय वगैरे वगैरे. दुपारी उन्हाकडच्या उतारावरचा ओला बर्फ धडाधड खाली आला, आणि आमची वाट बरोब्बर त्याच्या खालून जात होती. तीव्रता ३० ते ४५ अंशांची, म्हणजे हिमस्खलनं जिथे सगळ्यात जास्त होतात तसलाच उतार. त्या माणसाबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

---

ओढ्यांवरचा बर्फ!! वरून सपाट पांढरं, खाली पाण्याचा आवाज. सकाळी ज्यावरून आलो तो बर्फाचा पूल दुपारी खचलेला होता, लांबून वळसा घालून यावं लागलं. मोठे खडक आणि झाडांचे बुंधे यांच्याभोवतीपण आतून पोकळ असतं, आधी पोल (ट्रेकिंगची काठी) खुपसून बघा.

---

मायक्रोस्पाइक्स सगळीकडे पुरतात का?

---

नाही. साध्या वाटेवर ठीक, पण उभ्या कडक उतारावर क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे मोठे, लांब दात) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) हवीच, आणि घसरल्यावर अ‍ॅक्सने स्वतःला थांबवायचा सराव आधी सुरक्षित उतारावर केलेला हवा, नुसती बॅगेला लटकवून काही उपयोग नाही. आणि क्रॅम्पॉन घालून बसून घसरत उतरू नका, दात बर्फात अडकला की घोटा मोडतो.

---

डोळ्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, ढगाळ दिवशीसुद्धा त्रास होतो. मैत्रिणीने ढग आहेत म्हणून गॉगल काढला, रात्री डोळे चुरचुरून पाणी थांबेना, उजेड सहन होईना, दुसरा दिवस तिने डोळ्यांवर पट्टी ठेवून काढला. सनस्क्रीन हनुवटीच्या आणि नाकाच्या खालूनही लावा, ऊन तिथूनही लागतं.

---

वाटेच्या खुणा बर्फाखाली गाडलेल्या असतात, त्यामुळे ऑफलाइन मॅप ठेवाच, फोन मात्र आतल्या खिशात, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. पण मॅपवरची उन्हाळी वाट उतार आडवा कापत असेल तर ती डोळे झाकून धरू नका, आम्ही ती सोडून डोंगराच्या धारेने गेलो. धारेवरसुद्धा कडेपासून बरंच आत चालायचं, वाऱ्याने साचलेला बर्फ कड्याबाहेर लोंबत असतो आणि वरून ते अजिबात कळत नाही.