कोड असलेल्या मैत्रिणींनो, बाह्या आखूड कधी केल्यात?

मदत हवी आहे. वय 34, हातांवर आणि ओठांच्या कडेला कोड. प्रतिकारशक्तीच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, स्पर्शाने पसरत नाही, कुष्ठरोगाशी संबंध नाही, हे सगळं पाठ आहे. लाइट थेरपीने मनगटाजवळ केसांच्या मुळाशी ठिपके ठिपके रंग परतलाय. बोटांची टोकं मात्र ढिम्म (ती हट्टीच असतात म्हणे).

प्रश्न उपचारांचा नाहीच. डाग राहिले तरी हे हात माझेच वाटायला हवेत. सध्या भर मे महिन्यातही पूर्ण बाह्या, फोटोत हात पदराखाली. हळदीकुंकवाला एकीने वाण हातात न देता टेबलावर ठेवलं. आत्या तर अजून विचारतात, "मासे खाऊन दूध प्यायलीस का गं?" त्यांच्यापुढे मी हात टेकलेत.

कुणी डाग झाकणारं क्रीम सोडलंय का? पहिल्यांदा तशाच कुठे गेलात, ऑफिसात की अनोळखी गावात? पुण्यातल्या श्वेता असोसिएशनच्या (कोड असलेल्यांचा आधारगट) भेटींना कुणी गेलंय का? एकटीने जायला धीर होत नाही. आणि लेक विचारते, "आई, हा कुठला नकाशा?" तिला काय सांगू?

घरगुती लेप कृपया सुचवू नका.