चर्चमध्ये तुमचं काम आणि तुमची माणसं तुम्हाला कशी मिळाली? अनुभव धागा, नागपूर

धागाकर्ती, सदर

मंडळी, नागपूरच्या चर्चबद्दल लिहून येतं ते बहुधा मिशनरींबद्दल, नाहीतर इमारतींबद्दल. १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप, त्यांच्या नावाचं कॉलेज, ऑल सेंट्स कॅथेड्रल, सेमिनरी हिल्स. २९ नोव्हेंबर १९७० च्या रविवारी सहा परंपरांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेही आपल्याच शहरात. त्यामागे १९२९ पासूनच्या वाटाघाटी होत्या. पण सह्या झाल्यावर पुढच्या रविवारी एका बाकावर बसायचं होतं ते साध्या सभासदांना. कोणाकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होत आलेला, कोणाकडे जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावरच. दोन्ही रीती या एका चर्चमध्ये राहिल्या, आणि त्या नांदवल्या घराघरातल्या माणसांनी.

म्हणून हा धागा ज्यांना पाळकाचा झगा नाही, पगार नाही, अशा आपल्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगते: चर्चमधली सोबत नुसतं शेजारी बसून मिळत नाही, काहीतरी काम हातात घेतल्यावर मिळते. पटत नसेल तर तसं लिहा. पंथ कोणताही असू दे. तक्रार लिहायची असेल तर माणसाचं आणि चर्चचं नाव मात्र नको.

माझ्यापासून सुरुवात करते. मी उपासनेत शास्त्रवाचन करते, म्हणजे बायबलमधला धडा सगळ्यांना वाचून दाखवते. हे काम मला एका वयस्क काकांनी दिलं. त्यांची नजर अधू झाली होती आणि त्यांना त्यांच्यामागे कोणीतरी हवं होतं. शनिवारी संध्याकाळी ते मला रिकाम्या चर्चमध्ये उभं करायचे आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, रविवारचा धडा आठवतो, प्रेषितांची कृत्ये, अध्याय दुसरा: पार्थी, मेदी, एलामी, मग मेसोपटेम्या, कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया. काका मागून म्हणाले, "घाई करू नकोस. ही सगळी खरी माणसं आहेत, लांबून आलेली. प्रत्येकाला आत येऊ दे." तेव्हापासून मी नावं तशीच वाचते. आणि ज्यांना पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नाहीत अशा बायका वाचनानंतर मला थांबवून विचारतात, "पौलानं ते कोणाला लिहिलं गं?" तिथे पायरीवर उभ्या उभ्या जी बोलणी होतात, त्यातून मला या शहरात माहेर मिळालं.

महिला संघातली एक जण, मेडिकल चौक

मला लिहायची सवय नाही, मुलगी टाइप करून राहिली.

मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा अशा कुठून कुठून पेशंट येतात. पेशंटची खाट तरी असते. सोबत आलेला माणूस झाडाखाली चादर टाकून राहतो. आमच्या संघात पूर्वी भजन, पाठ, प्रार्थना आणि चहा एवढंच होतं. मग आमच्यातल्याच एका बहिणीचे मिस्टर ॲडमिट झाले. आम्ही डबा घेऊन गेलो तर शेजारच्या खाटेजवळची बाई म्हणाली, "ताई, गरम पाणी कुठं भेटेल?" बाळासाठी पाहिजे होतं तिला. तिथून सुरू झालं.

आता आमची पिशवी ठरलेली आहे. मोठा थर्मास, मऊ खिचडी, लिंबाचं लोणचं, एक पेन आणि मोबाइल चार्ज करायला लांब वायरचा बोर्ड. पेन सगळ्यात जास्त कामी येतो, कारण फॉर्म भरायचे असतात. जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स लागते, आरोग्यमित्राचं टेबल शोधावं लागतं, आणि खेड्यातून आलेला माणूस त्या गर्दीत कोणाला विचारायलाही घाबरतो. आम्ही सोबत जातो, रांगेत उभ्या राहतो. धर्म सांगायला आम्ही जात नाही. कोणी स्वतःहून म्हटलं, "ताई, माझ्या पोरासाठी मागा," तर हात धरून तिथंच प्रार्थना करतो.

ज्या बहिणीपासून सुरू झालं तिचे मिस्टर त्या दुखण्यात वारले. ती संघात यायची, पण कोपऱ्यात बसायची, बोलायची नाही. एकदा आमच्यापैकी कोणाला रक्तपेढीची खिडकी सापडेना, तर तीच उठली आणि म्हणाली, "चला, मला माहीत आहे." कोणतं काउंटर केव्हा बंद होतं, कोणती सिस्टर समजावून सांगते, सगळं तिला तोंडपाठ. त्या दुखण्यातच शिकली होती. आता पहिल्यांदा येणाऱ्या पोरींना तीच घेऊन जाते. पास्टरसाहेबांनी यावर प्रवचन केलं नाही, ते बरं केलं. तिचं तिला कळलं.

एक कॅथलिक सभासद, काटोल रोड

मी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे. ही मूळची सामान्य लोकांची, म्हणजे पाद्री नसलेल्यांची, संस्था. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझनाम या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केली. पद्धत अजून तीच: मदत घरी जाऊन करायची, आणि जाताना दोघांनी जायचं. बैठकीत गुप्त पिशवी फिरते. कोण किती टाकतो ते कोणी पाहत नाही.

दोघांनी जाण्याचं मोल मला फार वाटतं. माझे जोडीदार निवृत्त पोस्टमन आहेत. कोणत्याही वस्तीत घर सापडतं, आणि दारात चप्पल काढून खाली बसणं त्यांना सहज जमतं. मी बँकेतला माणूस, कागद बघतो. पासबुक, विधवा पेन्शन, शाळेची फी. परत येताना ते स्कूटरवर मागून रोझरीची जपमाळ म्हणतात आणि मी उत्तरं देतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सामान्यजनांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढलं. त्यातलं बरंचसं मला त्या स्कूटरवर समजलं.

कामठी रोडवरचा हार्मोनियमवाला

धागाकर्ती ताई, गाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रेव्हरंड ना. वा. टिळक बाप्तिस्म्याआधी नागपुरात इथल्या श्रीमंत बुटी घराण्याच्या आश्रयाला होते, हे इथल्या किती तरुणांना माहीत आहे? १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्यांनी मराठी मंडळीला अभंग-ओव्यांच्या चालीतली गीतं दिली. आमच्या म्हाताऱ्या बाया 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात न घेता गातात ते त्यामुळेच. पोरांना गिटार आणि हिंदी गीतं हवीत. आमच्याकडे ठरलंय, पहिलं गीत पुस्तकातलं, अर्पणाच्या वेळचं पोरांचं. दोन्ही गीतांना पेटी मीच धरतो. त्यातला एक पोरगा आता माझ्याकडे तबल्याला बसतो.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी

मला धागाकर्तींचं मत अर्धंच पटतं. काम मिळालं की सोबत मिळते, खरं. पण कामाचं पद झालं की तीच सोबत तुटते. आमच्याकडे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत पॅनल पडले, घरोघरी फोन झाले, लग्नाच्या पत्रिकाही थांबल्या. मी खजिनदार निवडून आलो आणि माझ्या बरोबरीनं अर्पण मोजायला समोरच्या पॅनलचे गृहस्थ आले. नियमच आहे, एकट्यानं मोजायचं नाही.

भक्ती संपली की आम्ही वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, बसतो. चुरगळलेल्या नोटा सरळ करायच्या, नाणी वेगळी, दशांशाची (कमाईच्या दहाव्या हिश्श्याची) पाकिटं क्रमांकानं लावायची, रजिस्टरवर दोघांच्या सह्या. सुरुवातीला आकडे सोडून शब्द नव्हता. एकदा एका पाकिटात दहाच्या जुन्या, मऊ पडलेल्या नोटा निघाल्या. पाठवणारी बाई घरकाम करते हे दोघांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, "या पैशाचा हिशेब नीट राहिला पाहिजे हो." मी म्हटलं, "राहील." पुढची निवडणूक आली तेव्हा आम्ही दोघांनीही नाव दिलं नाही आणि नव्या लोकांना रजिस्टर समजावून सांगायला एकत्र बसलो. कापणीच्या सणाला लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव आता तेच पुकारतात. कोणीतरी भोपळा घेतो, पुन्हा दान करतो, पुन्हा बोली लागते. त्यांचा आवाज मोठा आहे, मी पावत्या फाडतो.

शाळेत शिकवते, जरीपटका

थोडंच लिहिते. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात. आमच्याकडे त्यातली काही सभासदांना देतात. मला पाचवं आलं, "मला तहान लागली आहे." बाहेर एप्रिलचं ऊन, पंखे गरम हवा फेकत होते. मी आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा मुली शाळा बुडवून रांगेत उभ्या राहतात त्याबद्दल बोलले. ग्रीक शब्द मला येत नाहीत, तहान येते. त्यानंतर चर्चच्या बोअरचा एक नळ कंपाउंडच्या बाहेर काढून दिला गेला.

मानकापूर

मी अंथरुणाला आहे. कंबरेखाली हालचाल नाही, चर्चच्या पायऱ्या चढणं शक्य नाही. अजनीच्या काकांना आणि सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं, हातपाय चालणाऱ्यांनाच काम असतं असं नाही. माझ्याकडे मंडळीची वही आहे. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, कोण आजारी, कोणाचं दहावीचं वर्ष, कोणाच्या घरी गेल्या वर्षी या तारखेला मृत्यू झाला. सकाळी मी फोन करतो. ती शेवटची तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण पहिल्या वर्षी सगळे येतात आणि दुसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाही. लोक फोनवर रडतात, मी ऐकतो, मग दोन वाक्यांची प्रार्थना करतो. "एकमेकांची ओझी वाहा" हे पौलानं गलतीकरांना लिहिलं, त्यात चालता येण्याची अट नाही.

नवीन सभासद, बेसा

मी गोंदियाहून नागपूरच्या मिहान प्रकल्पात नोकरीला आलोय. रविवारी चर्चला जातो, शेवटच्या बाकावर बसतो, आशीर्वाद झाला की निघतो. कोणी वाईट वागत नाही, पण कोणी ओळखतही नाही. सुरुवात कुठून करू?

धागाकर्ती

दादा, रविवारी नको, शनिवारी संध्याकाळी जा. गाण्याचा सराव असतो, फुलं लावणाऱ्या बाया असतात, सतरंज्या झटकणारे असतात. माणसं कमी असतात आणि कामं जास्त. गाता येत नसेल तर सतरंजीचं दुसरं टोक धरा. नाव विचारतीलच. आणि मानकापूरच्या दादांना तुमचा नंबर आणि वाढदिवस कळवा, मी त्यांचा नंबर तुम्हाला निरोपातून पाठवते.