'सेग्रिगेटेड स्कूल'ला मराठीत काय म्हणायचं?

शिवार: नमस्कार मंडळी, मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहतो, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कॅसव्हिलच्या नोबल हिल शाळेवर लिहितोय. १९२३ची शाळा, काळ्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी बांधलेली, १९५५ला बंद झाली, आता तिथे म्युझियम आहे. पण 'सेग्रिगेटेड', म्हणजे काळ्या-गोऱ्यांना कायद्याने वेगळं ठेवणारी शाळा, हे मराठीत कसं लिहायचं इथे गाडी पहिल्याच ओळीत अडलीये. 'विभक्त शाळा' लिहिलं तर बायको म्हणते विभक्त कुटुंबासारखं वाटतंय. 'वेगळी शाळा' म्हटलं तर लोकांना वाटेल काहीतरी प्रयोगशील शाळा असणार. 'वस्तीशाळा' चालेल का? आणि स्कूलहाऊसचं काय करू?

दवणा: वस्तीशाळा नको हो दादा. तो आपल्याकडच्या सरकारी योजनेचा शब्द, शाळा लांब पडते म्हणून ती पोरांच्या जवळ नेली असा त्याचा अर्थ. तिथे अंतराचा प्रश्नच नव्हता, गोऱ्यांची शाळा घराजवळ असली तरी या पोरांना आत घेणारच नव्हते. स्कूलहाऊसला नुसतं शाळा म्हणा, फार तर शाळेची इमारत. एकच मास्तर असेल तर एकशिक्षकी शाळा, हे सगळ्यांना कळतं.

कोरडवाहू: विभक्त तर नकोच, कारण भाऊ विभक्त होतात ते दोघांच्या मर्जीने, निदान दोघं बोलून. इथे एकाने ठरवलं आणि दुसऱ्यावर लादलं. १८९६ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने 'वेगळं पण समान' असेल तर चालतंय म्हणून शिक्कामोर्तब केलं आणि मग दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळं तेवढं काटेकोर पाळलं, समान मात्र कागदावरच राहिलं. गोऱ्यांच्या शाळेतली जुनी फाटकी पुस्तकं इकडे यायची. म्हणून माझं मत, शब्दात कुणी केलं ते दिसलं पाहिजे. 'वेगळी पाडलेल्यांची शाळा' किंवा सरळ 'काळ्यांना वेगळं काढणारी शाळाव्यवस्था'. लांब होतं, होऊ दे.

पण शिवार, तुमची नोबल हिल ही रोझेनवाल्ड शाळा आहे ना, मग एक गोष्ट लेखात येऊ द्याच, कारण त्याशिवाय कुठलाही शब्द अपुराच पडेल. टस्कीगी या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन आणि सिअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ला अलाबामात सहा शाळांपासून सुरुवात केली, १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. लोक म्हणतात शेठजींनी दान दिलं. दिलंच, साधारण ४३ लाख डॉलर. पण काळ्या लोकांनी स्वतः ४७ लाख डॉलर घातले! आणि हे लोक कोण, तर बहुतेक बटईने कापूस पिकवणारे, वर्षाअखेरी जमीनदाराच्या हिशेबात देणंच निघायचं असे. कर भरायचा तो भरायचाच, वरून शाळेसाठी परत वर्गणी. काही ठिकाणी एखादा एकर कापूस फक्त शाळेच्या नावाने लावायचे, आणि पैसा नसेल तो लाकूड द्यायचा नाहीतर अंगमेहनत. अलाबामातल्या एका सभेत गुलामगिरी पाहिलेल्या एका म्हाताऱ्याने मळकी पिशवी काढली आणि आयुष्यभराची साठवण टेबलावर ओतली, ३८ डॉलर, नातवंडांच्या पोरांना शिकायला मिळावं म्हणून. हे वाचलं तेव्हा मला पुढे वाचवेना.

आणि एवढं करून जागा, इमारत सगळं सरकारी शिक्षण खात्याच्या नावावर करून द्यावं लागायचं, म्हणजे गोऱ्यांच्या बोर्डाच्या ताब्यात. तशी अटच होती, शाळा सरकारी गणली जावी म्हणून.

दवणा: हे लिहाच. आणि खिडक्यांबद्दल पण. वीज नव्हती, म्हणून ठरवून दिलेल्या नकाशात उंच खिडक्या ओळीने एकाला एक लागून, इमारतीचं तोंड असं की उजेड पूर्व-पश्चिमेकडून यावा, आणि बाकं अशी की उजेड पोरांच्या डाव्या अंगाने पडावा, लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर नको म्हणून. दोन वर्गांच्या मधली फळ्यांची भिंत सरकवली की गावाच्या बैठकीला हॉल तयार.

आपल्याकडे सरळ 'अस्पृश्यांच्या शाळा' म्हणायचे, शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१९ला त्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. पण महार-मांग मुलांसाठी जोतिबांनी पुण्यात शाळा काढल्या त्याही वेगळ्याच होत्या की, त्यांना आपण त्याच तराजूत घालत नाही. म्हणजे व्यवस्थेला एक शब्द हवा आणि लोकांनी पोटाला चिमटा काढून उभी केलेल्या शाळेला दुसरा.

शिवार: हे पटलं. मग व्यवस्थेला 'वर्णभेदी शाळाव्यवस्था' आणि नोबल हिलला नुसतं 'काळ्या शेतकऱ्यांनी उभारलेली शाळा' असं करू? अजून एक, जुन्या कागदात 'कलर्ड स्कूल' असतं आणि कुठे कुठे 'कौंटी ट्रेनिंग स्कूल'. त्याचं प्रशिक्षण शाळा करू का?

कोरडवाहू: वर्णभेदी चांगला आहे, पेपरात रुळलेला शब्द. कलर्डचं 'रंगीत' अजिबात करू नका, अवतरणात 'कलर्ड' तसाच ठेवा, म्हणजे तो त्या काळचा सरकारी शिक्का आहे हे कळेल. ट्रेनिंग स्कूलचं भाषांतर केलंत तर मोठी चूक होईल. आपल्याला वाटेल आयटीआय नाहीतर डीएड कॉलेज, पण ती प्रत्यक्षात पुढच्या इयत्तांची शाळा असायची, काळ्या मुलांना हायस्कूल म्हटलं तर गोऱ्यांच्या पोटात दुखायचं, ट्रेनिंग म्हटलं की शेतकाम आणि घरकाम शिकवतायत असं समजून ते गप्प बसायचे. एक ओळ खुलासा द्या.

आणि 'शाळेचं वर्ष' लिहाल तेव्हाही सांभाळा, ते जून ते एप्रिल असं डोक्यात येतं आपल्या. मिसिसिपी डेल्टात काळ्यांच्या शाळा कापसाच्या हिशेबाने चालायच्या, वेचणीला बंद, मधे रान मोकळं असलं की पुन्हा सुरू.

शिवार: शेअरक्रॉपरला बटईदार लिहितो मग. साताऱ्याकडचे वाचक आहेत, त्यांना अर्धेलीच जवळचं वाटेल का?

दवणा: पहिल्यांदा 'बटईने, म्हणजे अर्धेलीने' असं एकदा लिहा, पुढे बटईदार. पण अर्धेलीत आपल्याकडे निम्मं तरी घरी येतं असं लोक धरून चालतात, तिकडे बी, खत, किराणा सगळं उधारीवर जमीनदाराच्याच दुकानातून, ते वजा होऊन हातात काय उरायचं तेही लिहा.