कीवर्डची यादी विकत घेण्याआधी

दादा, तुम्ही विचारलंत, साइटसाठी कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाकतात त्या शब्दांची, यादी विकत घ्यावी का. थांबा जरा. आधी गूगल सर्च कन्सोलमधला (लोकांनी काय शोधलं तेव्हा आपली साइट दिसली, ते सांगणारं गूगलचं साधन) परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, 16 महिन्यांपर्यंतचा डेटा फुकट आहे. इंदूरच्या आमच्या नमकीनच्या दुकानाच्या साइटवर आम्ही हौसेनं 'लवंगेची शेव' लिहिलं होतं (घरी तसंच म्हणतो ना!). गिऱ्हाईक शोधत होतं 'लौंग सेव'. इम्प्रेशन्स, म्हणजे शोधात साइट दिसण्याचे आकडे, भरपूर; क्लिक जेमतेम. शीर्षक आणि पहिली ओळ बदलली, वजन-भाव वर आणले, तेव्हा कुठे पुण्याहून ऑर्डरी यायला लागल्या. फार कमी लोकांनी शोधलेले शब्द गोपनीयतेपायी त्या रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत. म्हणून फोनवर लोक काय म्हणून मागतात, तेही वहीत टिपा. आमच्याकडे हे काम आई करते, गल्ल्यावर बसून.