गच्चीवरील वायरलेस इंटरनेटची डिश स्वतः हलवून जुळवण्याबाबत सल्ला हवा आहे

धायरीकर:
नमस्कार. आमच्या इमारतीपर्यंत फायबर अद्याप आलेले नसल्याने आम्ही ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या गच्चीवरील डिशद्वारे इंटरनेट घेतो. सेवादात्याचा टॉवर कात्रजच्या बाजूच्या टेकडीवर, सुमारे ४ किलोमीटर अंतरावर आहे. सुमारे ३० मीटरवरील भूखंडावर नवी इमारत चढू लागल्यापासून वेग घटत चालला आहे, म्हणून डिश पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात नेण्याचा विचार आहे. हे काम स्वतः करता येईल का आणि दिशा कशी साधावी?

तरंगलांबी:
करता येईल, मात्र डिश बहुधा सेवादात्याच्या मालकीची असते, त्यामुळे आधी परवानगी आणि रेडिओच्या पानाचा (डिशमधील रेडिओची माहिती व सेटिंग ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या पानाचा) पासवर्ड मागून घ्या.

टॉवर डोळ्यांना दिसतो एवढ्यावर जागा पक्की करू नका. थेट रेषेभोवतीचा फ्रेनेल झोनही, म्हणजे लहरी ज्यातून पसरत जातात तो मध्यभागी फुगीर असलेला लांबट पट्टाही, मोकळा लागतो. तुमच्या अंतरावर त्याची त्रिज्या मध्यभागी सुमारे ७ मीटर, तर ३० मीटरवरील त्या इमारतीपाशी जेमतेम सव्वा मीटर भरते, आणि या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा असावा. म्हणजे आज थोडे सरकूनही भागेल. परंतु ती इमारत अजून किती मजले चढणार आहे हे महारेराच्या संकेतस्थळावर पाहून मगच कोपरा निवडा, नाहीतर दिवाळीपर्यंत हेच काम पुन्हा करावे लागेल.

खांब ओळंब्याने सरळ उभा करा. होकायंत्र लोखंडाजवळ चुकते, म्हणून टॉवरच्या रेषेतली एखादी दूरची खूण धरा. त्यानंतर रेडिओच्या पानावरील सिग्नलचा आकडा पाहत डिश आडव्या दिशेने अगदी सावकाश फिरवा आणि प्रत्येक हालचालीनंतर आकडा स्थिर होऊ द्या. येथेच बहुतेकांची फसगत होते, कारण मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना साइड लोब, म्हणजे कमजोर उपझोत, असतात आणि तेथेही आकडा वाढून पुन्हा उतरतो. त्यामुळे पहिल्या शिखरावर न थांबता दोन्हीकडे बरेच पुढे जाऊन सर्वांत मोठे शिखर शोधावे. आकडा उणे असतो, म्हणजे उणे ७५ पेक्षा उणे ६० चांगला, आणि ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्ती दुप्पट. आडवी दिशा साधल्यावर उभा कोन याच रीतीने साधा.

धायरीकर:
मनःपूर्वक आभार. वेगाची चाचणी करत जुळवले तर चालेल का?

तरंगलांबी:
नको. संध्याकाळी गर्दीमुळेही वेग पडतो, त्यावरून दिशेचा अंदाज येत नाही.

गच्चीकर:
खांब हलवण्यापूर्वी पीओई अडॅप्टर (नेटवर्क केबलमधूनच डिशला वीज देणारा) बंद करावा, सोबत एक माणूस ठेवावा आणि महावितरणच्या उघड्या तारा खांब आडवा पडला तरी लागणार नाहीत इतके अंतर राखावे. वळवाचे ढग दाटले असतील तर गच्चीवर जाऊच नये. केबल बाहेर वापरण्याजोगी, एकूण १०० मीटरच्या आत असावी, आणि घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच गळून जाईल.

तरंगलांबी:
एक राहिले. नट आवळताना डिश हमखास किंचित सरकते, म्हणून दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि त्या वेळीही आकड्यावर लक्ष ठेवा.