ओव्याचं तेल जखमेवर चालतं का?

जिंतूरची सून: मामंजींच्या पायात तुरीचं धसकट घुसलं. चार दिवस झाले, कडा लाल हायत. सासूबाई म्हणतात ओव्याचं तेल लाव. खरंच जंतू मरतात का?

गोदाकाठ: प्रयोगशाळेत मरतात. ओव्याच्या तेलातलं थायमॉल जिवाणूंचं आवरण फोडतं, आतला ऐवज बाहेर गळतो. लवंगेतलं युजेनॉलही तसंच. पण काचेच्या बशीतलं काम अन् जखम एक नाही. मी निव्वळ लवंगतेल बोटाला लावलं होतं, कातडी भाजली.

परभणीकर: ताई, तेल राहू द्या! साबण-पाण्यानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्या. ते जंतू मातीतच असतात, खोल जखमेत तेल पोचत नाही. मामंजींना शुगर आहे का?

जिंतूरची सून: हाय, दहा वर्षांपासून. निघालोच दवाखान्यात.