मदत हवी आहे : मिशाळ वटवाघळाच्या प्रसाराच्या जुन्या नोंदी कशा वाचाव्यात?

मी मायोटिस मिस्टासिनस या लहान, मिशाळ वटवाघळावर एक टिपण लिहीत असून, त्याच्या प्रसाराचा नकाशा कोठवर खरा मानावा या प्रश्नावर अडलो आहे. जर्मन निसर्गअभ्यासक कूलने 1817 मध्ये या जातीचे वर्णन केले आणि पुढे दीर्घकाळ युरोपपासून पूर्व आशियापर्यंतची अनेक मिशाळ वटवाघळे याच एका नावाखाली नोंदली गेली. ब्रँटचे वटवाघूळ (मायोटिस ब्रँटाय) 1845 मध्येच वर्णिले गेले होते, तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते सर्रास मिस्टासिनसमध्येच गणले जाई. 2001 मध्ये मायोटिस अल्काथो वेगळे ओळखले गेले. नेपाळवरून नाव पडलेले मायोटिस निपालेन्सिस आणि आग्नेय आशियातले मायोटिस म्युरिकोला हीदेखील आता स्वतंत्र जाती मानली जातात. त्यामुळे आशियातल्या जुन्या नोंदींवर मी फारसा विसंबत नाही.

माझी खरी अडचण युरोपातल्या नोंदींची आहे. दातांवरील उंचवटे, नराच्या शिश्नाचा आकार आणि डीएनए यांवरून या जाती वेगळ्या करता येतात, परंतु जुन्या नोंदींत बहुधा केवळ नाव व ठिकाण असते. आवाजाच्या ध्वनिमुद्रणावरूनही मिस्टासिनस आणि ब्रँटाय यांत भेद करणे कठीणच. (नमुना जपलेला असल्यास गोष्ट निराळी.) अशा नोंदी वगळाव्यात, की ‘मिस्टासिनस किंवा ब्रँटाय’ अशा जोडनावाने नकाशावर दाखवाव्यात? ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी आपली पद्धत कृपया कारणांसह सांगावी.